ओढ्यात उतरणारी शाळा : चेसापीक परिसरातील मुलांच्या पर्यावरण कार्यशाळा

आपल्यापैकी बरेचजण 'परिसर अभ्यास' शिकले ते पुस्तकातून. जलप्रदूषणाची कारणे पाठ केली, पेपरात लिहिली आणि विसरलो! मेरीलँड-व्हर्जिनियात वाढणारी आपली मुले मात्र हाच विषय गमबूट घालून, ओढ्यात उभे राहून शिकतात. शाळेतून परमिशन स्लिप आली की अनेक पालकांना ती एक सहल वाटते. म्हणून ही थोडी माहिती.

पार्श्वभूमी

चेसापीक बे या उपसागराचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६४,००० चौरस मैल असून ते सहा राज्ये आणि वॉशिंग्टन डी.सी. यांत पसरले आहे. या भागातील प्रत्येक विद्यार्थ्याला शालेय शिक्षण संपण्यापूर्वी ओढ्याचा किंवा बेचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, असे उद्दिष्ट २००० सालच्या 'चेसापीक २०००' करारात ठेवले गेले. २०१४ च्या करारात ते वाढवून प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल अशा तिन्ही टप्प्यांवर किमान एकदा, असे झाले. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी पर्यावरण साक्षरतेची अट घालणारे मेरीलँड हे देशातले पहिले राज्य (२०११).

मुले नेमके काय करतात?

*किडे मोजणे.* ओढ्यात जाळी धरून तिच्यासमोरचे दगड पायाने ढवळतात. जाळीत आलेले जीव पांढऱ्या ट्रेमध्ये वेगळे करतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांची पिल्ले सापडली तर पाणी चांगले. फक्त जळवा आणि गांडुळासारखे किडेच मिळाले तर शंका घ्यावी.

*गढूळपणा मोजणे.* काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली ही पद्धत आजही चालते.

*प्राणवायू तपासणे.* नमुन्यात थेंबाथेंबाने रसायन टाकून रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अनेक माशांना त्रास होऊ लागतो.

*कालवांचा प्रयोग.* गढूळ पाण्याच्या दोन टाक्या, एकीत कालवे. काही तासांत फरक डोळ्यांना दिसतो. एक मोठे कालव दिवसाला ५० गॅलनपर्यंत पाणी गाळू शकते.

नंतर वर्गात आकडे मांडून कारणे शोधायची आणि शेवटी काहीतरी कृती करायची. कुठे शाळेच्या आवारात स्थानिक झाडे लावतात, कुठे पावसाचे पाणी मुरवणारी बाग करतात. ही शेवटची पायरी नसेल तर कार्यशाळा अपुरी मानली जाते.

आपल्या घराशी संबंध

शेतांतून आणि लॉनवरून वाहून आलेले नायट्रोजन व फॉस्फरस बेमध्ये शेवाळ वाढवतात. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि उन्हाळ्यात खोल पाण्यात मासे, खेकडे जगू शकत नाहीत. म्हणूनच मेरीलँडमध्ये १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात लॉनला खत घालण्यास कायद्याने बंदी आहे. जोराच्या पावसाचा अंदाज असतानाही खत घालू नये.

पालकांसाठी

- स्लिप वेळेवर सही करून द्या. ॲलर्जी वा औषधे असल्यास स्पष्ट लिहा.
- चपला नकोत. जुने बंद बूट, जास्तीचे मोजे आणि कपड्यांचा एक जोड द्या. चिखल लागणारच!
- शक्य असेल तेव्हा सोबतीला स्वतः जा. ट्रेमधले जीव ओळखायला मोठ्यांचीही मदत लागते.
- घरी आल्यावर "काय सापडले?" असे जरूर विचारा.

ज्या मुलाने स्वतः थेंब मोजून आकडा लिहिला आहे, ते गराजमधल्या खताच्या पोत्याबद्दल प्रश्न विचारणारच. त्याला "तुला काय कळतंय" म्हणून गप्प बसवू नका. त्या प्रश्नाचे उत्तर आपण द्यायचे आहे.