वऱ्हाडातील बालवीर चळवळ आणि स्काऊट शिक्षकाची स्वयंसेवा : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बालवीर चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थांच्या स्थापनेचा, त्यांतील फुटींचा आणि विलीनीकरणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बेडन पॉवेल, ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू ही नावे त्यात ठळकपणे येतात. परंतु दर आठवड्याला शाळा सुटल्यावर मैदानावर थांबून मुलांना गाठी शिकविणारा, शिबिराचा शिधा जमविणारा आणि रात्री तंबूंभोवती फेरी मारणारा जो स्काऊट शिक्षक, त्याच्यासाठी या इतिहासात फारशी जागा नाही. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या पार्श्वभूमीवर या शिक्षकाच्या भूमिकेचा विचार करावयाचा आहे. स्काऊटिंगच्या मूळ कल्पनेत नेता हा स्वेच्छेने आलेला, विनावेतन काम करणारा प्रौढ नागरिक असतो. वऱ्हाडात मात्र तो प्रामुख्याने शाळेतील पगारी शिक्षक राहिला. तेव्हा त्याची स्वयंसेवा नेमकी कोठे सुरू होते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

चळवळीचे आगमन

इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर १९०७ साली बेडन पॉवेल यांनी पहिले प्रायोगिक शिबिर घेतले व पुढील वर्षी त्यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०९ साली बंगळूर येथे भारतातील पहिले पथक निघाले, परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. मुलींचे पहिले गाईड पथक १९११ साली जबलपूर येथे सुरू झाले. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला असल्याने ही घटना आपल्याच प्रांतातील म्हणावी लागेल. भारतीय मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या या व्यवस्थेला उत्तर म्हणून १९१६ साली मद्रास येथे ॲनी बेझंट यांनी इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन स्थापन केली. त्यानंतर लवकरच अलाहाबाद येथे मालवीय, कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समितीची स्काऊट संघटना उभी राहिली. १९२१ साली बेडन पॉवेल यांच्या भारतभेटीत बेझंट यांची संघटना मुख्य प्रवाहात विलीन झाली, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. १९३७ साली दिल्ली येथील जांबोरीच्या सुमारास बेडन पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्‌गारांमुळे देशभर संताप उसळला व १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन अस्तित्वात आली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या सर्वांची मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एक संघटना झाली. १९५१ साली गाईड्सही तीत सामील झाल्या.

आखाडा आणि पथक

मराठीत ‘स्काऊट’ला ‘बालवीर’ आणि ‘गाईड’ला ‘वीरबाला’ हे शब्द रूढ झाले. या शब्दांतच एक स्थानिक अर्थांतर दडलेले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ टेहळणी करणारा, वाट शोधणारा असा आहे. मराठी शब्दाने त्यातील टेहळणी गाळली आणि वीरत्व पुढे आणले. ज्या प्रदेशात मुलांच्या शरीरसंवर्धनाची भाषा आखाड्याची होती, तेथे हा शब्द सहज रुजावा यात नवल नाही.

अमरावतीत हे विशेष जाणवते. अनंत व अंबादास या वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेल्या रोपट्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. तेथे कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी यांचे शिक्षण मिळे आणि उन्हाळी वर्गांना बाहेरच्या प्रांतांतूनही तरुण येत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. म्हणजे अमरावतीच्या पालकाला आपला मुलगा सायंकाळी दोन तास कोणा ‘गुरुजीं’च्या हवाली करण्याची सवय स्काऊटिंगने लावलेली नव्हती. ती आधीपासूनच होती.

परंतु आखाड्यातील वस्ताद आणि शाळेतील स्काऊटमास्तर यांच्यात एक मूलभूत फरक होता. वस्तादाचा अधिकार त्याच्या अंगच्या कसबातून आणि वयातून येई, त्याला सरकारी मान्यतेची गरज नव्हती. स्काऊटमास्तर शाळेचा नोकर, शाळा अनुदानावर आणि अनुदान शिक्षण खात्याच्या हाती. शिवाय त्या काळच्या वचनात ईश्वराबरोबर राजाप्रती कर्तव्याचाही उच्चार होता. अमरावतीत १९२३ साली स्थापन झालेल्या शासकीय महाविद्यालयाला किंग एडवर्ड यांचे नाव होते, हे लक्षात घेतले म्हणजे शिक्षणक्षेत्रातील राजनिष्ठेचे वातावरण ध्यानी येते. आणि १९३० साली याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील दहिहंडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरीवर मीठ तयार करून कायदेभंग झाला. गावातील वडीलधारी माणसे सत्याग्रहाला निघालेली असताना त्यांच्याच मुलांकडून राजनिष्ठेचे वचन म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाची अवस्था सहज कल्पिता येते. राष्ट्रीय इतिहासात जो वाद संघटनांच्या पातळीवर दिसतो, तो शाळेच्या मैदानावर एका माणसाच्या मनात चालत असणार. आज भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या वचनात ईश्वर व देश यांप्रती कर्तव्य येते, आणि ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा आहे. वचनातील हा एक शब्द बदलायला किती वर्षे लागली, हे पाहिले म्हणजे दीक्षाविधीकडे केवळ उपचार म्हणून पाहता येत नाही.

दैनंदिन विवंचना

स्काऊट शिक्षकाच्या रोजच्या चिंता तत्त्वांच्या नसतात, वस्तूंच्या आणि वेळेच्या असतात. पहिली चिंता गणवेशाची. स्कार्फ, वॉगल, पट्टा, टोपी, बूट हा संच वऱ्हाडातील कोरडवाहू कास्तकाराच्या घरात सहज परवडणारा नव्हे. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याला संचलनात मागच्या रांगेत उभे करायचे की सर्वांनाच अनवाणी चालवायचे, असा निर्णय शिक्षकाला करावा लागतो, आणि कोणत्याही हस्तपुस्तिकेत त्याचे उत्तर नसते. मुलाचा स्कार्फ स्वतःच्या खिशातून घेऊन देणे ही या शिक्षकांची इतकी साधी सवय आहे, की ते तिचा उल्लेखही करीत नाहीत.

दुसरी चिंता हंगामाची. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते तेव्हा पेरणीची घाई असते. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणीला घरातील सर्व हात लागतात. पथकातील उपस्थिती पडते ती मुलांच्या अनास्थेमुळे असे समजणारा अधिकारी शहरातला असतो. मैदानाचेही तसेच. पूर्णा खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटून संचलन होऊ देत नाही आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की तंबूची खुंटी धरत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्याही वर जातो, त्यामुळे उन्हाळी शिबिराचा विचार निघाला की नजर साहजिकच चिखलदऱ्याकडे वळते. एरवी गाविलगड किंवा अकोटजवळचा नरनाळा किल्ला येथवरच्या पदयात्रा हिवाळ्यातच उरकाव्या लागतात. पाण्याचा प्रश्न त्याहून जुना. शिबिराची जागा पाहायला गेलेला शिक्षक आधी विहीर पाहतो, नंतर सावली.

तिसरी बाब स्वयंपाकाची. येथे मला वऱ्हाडी मुलांचा वरचष्मा दिसतो. स्काऊटिंगमध्ये भांड्यांशिवाय स्वयंपाक करण्याचा एक उपक्रम असतो. बेडन पॉवेल यांच्या परंपरेत काठीला कणीक गुंडाळून ती निखाऱ्यावर भाजतात. वऱ्हाडात शेतातल्या देवाच्या नवसाला रोडगे करण्याची रीत फार जुनी आहे. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगत बसवायची. पळसाच्या पानांत भाजलेले पानगे हाही त्यातलाच प्रकार. परीक्षकाने भांड्याशिवाय काही शिजवून दाखवा म्हटले, तर येथल्या मुलाला पुस्तक उघडण्याची गरज नाही. गाठींविषयीही हेच म्हणता येईल. बैलाचा कासरा आणि गाडीवरचा दोर रोज हाताळणाऱ्या मुलाला गाठ येते, फक्त तिचे इंग्रजी नाव येत नाही. चांगला स्काऊट शिक्षक नाव शिकवितो आणि गाठ मुलाकडून शिकतो.

चौथी चिंता हिशोबाची, आणि तीच सर्वांत कंटाळवाणी. संमतिपत्रे, नोंदणी शुल्क, शिध्याच्या पावत्या, प्रवासाचा खर्च, पुरस्कारासाठी लागणाऱ्या नोंदवह्या. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती श्रेणी आहे, आणि तिची प्रत्येक पायरी कागदावर चढावी लागते. ‘खरी कमाई’च्या दिवशी मुले घरोघरी, दुकानोदुकानी लहानमोठी कामे करून पैसे मिळवितात. श्रमाची प्रतिष्ठा शिकविणारा हा उपक्रम सुंदर आहे. पण ज्या वर्गातील काही मुले रविवारी खरोखरीच मजुरीला जातात, तेथे त्याचा अर्थ बदलतो. त्या मुलांच्या दृष्टीने रोजचीच कमाई एका दिवसासाठी ‘खरी’ ठरते. हा विरोधाभास अनुभवी शिक्षकाला कळतो, आणि तो अशा मुलांना त्या दिवशी हिशोब ठेवण्याचे काम देतो.

गाईड कॅप्टनच्या विवंचनांत आणखी एका गोष्टीची भर पडते. मुलीला रात्रीच्या शिबिराला पाठविण्यासाठी पालकांची संमती मिळविणे म्हणजे घरोघरी जाऊन आई, आजी, कधी मोठा भाऊ यांची समजूत घालणे. ‘बाई बरोबर आहेत ना?’ या प्रश्नाचे उत्तर त्या शिक्षिकेच्या स्वतःच्या नावाने द्यावे लागते. स्वतःच्या घरची लहान मुले शेजारी ठेवून शिबिराला जाणाऱ्या शिक्षिकेच्या या त्यागाची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही.

परंपरा आणि सेवेचा अर्थ

डाव्या हाताने हस्तांदोलन, ध्वजारोहण, २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन, शिबिरातील शेकोटी या परंपरा जगभर सारख्याच आहेत. प्रार्थना व ध्वजगीत हिंदीत असल्याने वऱ्हाडातील अनेक मुलांचा हिंदी पद्याशी पाठांतराचा पहिला संबंध येथेच येतो. पण शेकोटीभोवती काय गायिले जाते, हे शिक्षकावर असते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि मोझरीच्या गुरुकुंजातील सामुदायिक प्रार्थना ज्या परिसरात घरोघरी माहीत आहेत, तेथे शेकोटीचे भजनात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या खराट्याने सेवा म्हणजे काय हे या भागाला आधीच शिकविले होते. सेवा समितीच्या स्काऊटांनी उत्तरेतील मेळ्यांत जे काम नावारूपाला आणले, म्हणजे चुकलेली मुले शोधणे, पाणी देणे, गर्दी आवरणे, ते बहिरमच्या यात्रेतील स्वयंसेवकाला नवे वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून ‘रोज एक सत्कृत्य’ हा नियम वऱ्हाडी मुलाला समजावून सांगताना शिक्षक इंग्लंडमधील गोष्ट सांगत बसला नाही तरी चालते.

नेमणूक आणि स्वेच्छा

इंग्लंडमध्ये पथके चर्च, वस्ती, क्लब यांच्याशी जोडलेली होती. तेथे स्काऊटमास्तर दिवसा कारकून किंवा दुकानदार असे आणि सायंकाळी मुलांचा नेता होई. भारतात पथक शाळेशी जोडले गेले. त्यामुळे चळवळ झपाट्याने पसरली हे खरे, परंतु तिच्या गाभ्याला धक्काही बसला. सहा ते आठ मुलांच्या टोळीने आपला नायक आपण निवडावा व त्याने टोळी चालवावी ही स्काऊटिंगची खरी शिक्षणपद्धती. वर्गात मॉनिटर नेमण्याची सवय असलेल्या शाळेत नायकही नेमला जाऊ लागला. आणि मुख्याध्यापकाने शिक्षकाला ‘या वर्षी स्काऊट तुमच्याकडे’ असे सांगितले की तोही नेमलेलाच.

१९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना आली, १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना. छात्रसेनेच्या अधिकाऱ्याला हुद्दा व मानधन मिळते, तर स्काऊट शिक्षकाला बिल्ला. पचमढी येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जाऊन हिमालय वुड बॅज पूर्ण करणाऱ्याच्या गळ्यात दोन लाकडी मणी येतात. त्या मण्यांचे मोल बाहेरच्याला कळत नाही, आणि ज्याला कळते तो ते बोलून दाखवीत नाही. तरीही आदेशाने नेमलेल्या शिक्षकांतून काही जण मनापासून या कामात रमतात. शाळेच्या वेळापत्रकात स्काऊटची तासिका संपते तेथे या शिक्षकाचे स्वेच्छेचे काम सुरू होते : शिबिराची रात्र, आजारी मुलाला घरी पोहोचविणे, सुट्टीतील पदयात्रा, स्वतःचा प्रवासखर्च. नेमणूक आणि स्वेच्छा यांची ही सरमिसळ कमीपणाची मानण्याचे कारण नाही. वऱ्हाडातील स्काऊटिंग जे टिकले ते त्याच सरमिसळीवर. मात्र ही स्वेच्छा कोणत्याही आदेशाने निर्माण होत नाही, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

या कामाचा लेखी पुरावा शाळांच्या कपाटांत आहे : टोळ्यांच्या नोंदवह्या, शिबिरांचे हिशोब, दीक्षाविधीच्या तारखा, मुलांनी काढलेले पदयात्रेचे नकाशे. त्या पाहिल्या तर एखाद्या गावात कोणत्या वर्षी कोणती मुले पथकात होती, दुष्काळाच्या सालात किती जण गळाले, शिध्यात ज्वारी जाऊन गहू केव्हा आला, हे सारे वाचता येते. जुन्या शिक्षकाच्या निवृत्तीनंतर ते कपाट दुसऱ्या विषयाला लागते. काठ्या क्रीडाविभागाकडे जातात, ध्वज कार्यालयात राहतो आणि वह्या रद्दीत निघतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याच कपाटांकडे पाठवावे, आणि तेही त्या शाळांतील निवृत्त शिक्षक हयात असताना, कारण वहीतील नावांपुढच्या खुणांचा अर्थ त्यांनाच ठाऊक असतो.