कर्नल प्राचलांचे समायोजन

एकाच वेळी काम करणाऱ्या वापरकर्त्यांची संख्या आणि उपलब्ध स्मृती (मेमरी) यांचा मेळ बसावा, म्हणून संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, मर्यादा बदलण्याची प्रक्रिया. प्रक्रिया (चालू असलेले प्रोग्रॅम), उघड्या फाइली आणि नेटवर्क-जोडण्या यांच्या नोंदींसाठी कर्नल स्मृती वापरतो. मर्यादा अपुरी असल्यास नवी प्रक्रिया सुरू होत नाही. मर्यादा अवास्तव वाढवल्यास इतर कामांना स्मृती कमी पडू शकते.

बीएसडी युनिक्समध्ये ‘मॅक्सयूजर्स’ या एका प्राचलावरून (पॅरामीटरवरून) कर्नलच्या नोंदींच्या अनेक तक्त्यांचे आकार ठरत. बीएसडीतून पुढे आलेल्या फ्रीबीएसडीत प्रक्रियांची कमाल संख्या २० + (१६ × मॅक्सयूजर्स) या सूत्राने काढत. मॅक्सयूजर्सचे मूल्य ६४ असल्यास ही संख्या १,०४४ येते. पूर्वी अशा बदलासाठी कर्नल पुन्हा संकलित करावा लागे. पुढे फ्रीबीएसडीत हे मूल्य उपलब्ध स्मृतीवरून आपोआप ठरू लागले.

लिनक्स (१९९१) या कर्नलमध्ये अनेक प्राचले ‘सिसकंट्रोल’ (sysctl) आज्ञेने, यंत्र चालू असतानाच बदलता येतात. ‘स्वॅपीनेस’ हे प्राचल स्मृतीतील पाने (ठरावीक आकाराचे भाग) डिस्कवर हलवण्याकडे कर्नलचा कल किती असावा हे ठरवते. त्याचे मूळ मूल्य ६० असते. मोठ्या डेटाबेससाठी ४ किलोबाइटच्या नेहमीच्या पानांऐवजी २ मेगाबाइटची पाने राखून ठेवता येतात.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान महासंगणकांच्या ‘टॉप ५००’ यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात; त्यामुळे लिनक्समधील हे समायोजन त्यांनाही लागू पडते.

समायोजनापूर्वी भाराचे मोजमाप करावे, एका वेळी एकच प्राचल बदलावे आणि जुने मूल्य नोंदवून ठेवावे.