गोव्याच्या राजबंदिनी आणि जगाचा न्याय

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास दक्षिणेचे द्वार म्हणण्याची जुनी परंपरा आहे. येथील मराठी कुटुंबांना गोवा तसा दूरचा. ज्यांची कुलदैवते मंगेशी, कवळे वा म्हार्दोळ येथे आहेत, त्यांनाही तो बहुधा यात्रेपुरताच जवळचा वाटतो. तथापि गोव्याच्या मुक्तिसंग्रामाशी आमच्या प्रांताचा रक्ताचा संबंध आहे, याची आठवण ठेवणे आमचे कर्तव्य होय. १९५५ साली बुऱ्हाणपूर, सागर आणि नागपूर ही तिन्ही नगरे एकाच जुन्या मध्यप्रदेश राज्यात होती. त्याच सागरच्या सहोदराबाई राय त्या वर्षी १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरल्या आणि पोर्तुगीज सैनिकांच्या गोळ्यांनी जखमी झाल्या. त्या दिवशी वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही ठार झाले. सहोदराबाई वाचल्या आणि १९५७ साली सागरमधून लोकसभेवर निवडून गेल्या.

सहोदराबाईंना परत येण्यास स्वदेश होता. गोव्यातच राहून लढणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून कठीण होती. १९४६ च्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावी सविनय कायदेभंगाची ठिणगी टाकली, तेव्हापासून तेथील स्त्रिया चळवळीत होत्या. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशास नॅशनल काँग्रेस गोवा या संस्थेचे अधिवेशन बंदीहुकूम मोडून भरविण्यात आले. त्याचे अध्यक्षपद सुधाताई जोशी यांनी स्वीकारले. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. त्यांना जागीच अटक झाली आणि पुढे बारा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. १९५९ साली त्यांची सुटका झाली. मित्रा काकोडकर, म्हणजे पुढच्या मित्रा बीर, यांनाही वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी बारा वर्षांचीच सजा झाली. सभा भरविणे, पत्रक वाटणे, ध्वज उभारणे हेच तेथे अपराध होते, आणि त्यांचा निवाडा लष्करी न्यायासनापुढे होई.

या राजवटीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. सालाझार यांच्या १९३३ च्या राज्यघटनेत सर्व नागरिक कायद्यापुढे समान असल्याची घोषणा होती. पण त्याच कलमात स्त्रियांच्या बाबतीत त्यांचा स्वभावधर्म व कुटुंबाचे हित यांमुळे पडणारा भेद मान्य केला होता. पोर्तुगालमधील विवाहित स्त्रीला पतीच्या अनुमतीवाचून परदेशी जाण्याची मोकळीक १९६९ पर्यंत नव्हती. जेथे मायदेशातील स्त्रीची ही गत, तेथे वसाहतीतील सत्याग्रही स्त्रीला कोण विचारतो?

मग जगाने काय केले? १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला होता. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी इंग्रजी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व माणसे’ असे शब्द यावेत, असा आग्रह आपल्याच हंसाबेन मेहतांनी धरला आणि तो सिद्धीस नेला. हे शब्द गोव्याच्या तुरुंगापर्यंत मात्र पोहोचले नाहीत. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासह काढलेल्या पत्रकात पूर्वेकडील या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगीज ‘प्रांत’ असा केला. पोर्तुगाल नाटो करारातील त्यांचा मित्र होता. त्यानंतर बाराच दिवसांनी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह त्याच सुमारास भारतात आले होते. त्यांनी वसाहतवादाचा कडक शब्दांत धिक्कार केला. परंतु ज्यांच्या स्वतःच्या देशात राजबंद्यांच्या छावण्या होत्या, त्यांनी कैदेतील स्त्रीची बाजू कोणत्या तोंडाने मांडावी?

गोवा हा प्रांत ठरला की तेथील कैदी ही पोर्तुगालची घरगुती बाब ठरत होती. ही ढाल मोडण्यास पाच वर्षे लागली. १५ डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने पंधराशे बेचाळिसावा ठराव करून गोव्यासह पोर्तुगालचे सारे मुलूख परतंत्र प्रदेशांच्या यादीत घातले. हा विजय खरा होता. पण तो भूमीविषयीचा होता. हेगच्या न्यायालयाने त्याच वर्षी १२ एप्रिलला दिलेला निकाल दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेसंबंधी होता. १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरक्षा समितीत जो वाद झाला, तो भारताने बळ वापरावे की नाही, याचा होता. भूमी, वाट आणि बळ या तीन शब्दांत गोव्याचा प्रश्न मांडला गेला. तुरुंगात वर्षे काढणाऱ्या बाईसाठी त्या भाषेत चौथा शब्द नव्हता.

याच राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील एक घटना येथे ताडून पाहण्यासारखी आहे. १९७२ साली मारिया इझाबेल बारेनो, मारिया तेरेझा ओर्ता आणि मारिया व्हेल्यु द कोस्ता या तीन लेखिकांनी स्त्रियांच्या कोंडमाऱ्यावर एक ग्रंथ मिळून लिहिला. सरकारने तो जप्त करून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. कोणता मजकूर कोणी लिहिला हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. ग्रंथ फ्रान्समध्ये पोहोचताच सिमोन द बोव्हार यांच्यासारख्या लेखिका पुढे सरसावल्या. १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हे कार्य आपले मानले, आणि अनेक देशांतील पोर्तुगीज वकिलातींसमोर निदर्शने झाली. एप्रिल १९७४ मध्ये राजवट कोसळली आणि मे महिन्यात तिघी निर्दोष सुटल्या.

राजवट एकच, मग जगाच्या वागण्यात एवढा फरक का पडला? मधल्या काळात स्त्रियांची चळवळ संघटित झाली होती, हे एक कारण. दुसरे असे की, त्या तिघींचा ग्रंथ सीमेपार गेला, तर गोव्यातील वृत्तपत्रांच्या तोंडाला सरकारी तपासनिसांनी कुलूप घातले होते. तिसरे कारण कटू आहे. लिस्बनमधील लेखिका युरोपला आपल्यापैकी वाटली; म्हापशाची मराठी बाई दूरच्या वसाहतीतील एका तंट्याचा भाग वाटली. आम्ही यावरून पाश्चात्त्य भगिनींना दोष देत नाही. त्यांनी जे केले ते स्तुत्यच होते. पण सुधाताईंचे नाव त्यांच्यापर्यंत नेण्याचे काम आपल्याकडून तरी कितीसे झाले?

कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. हरि आणि हर यांचे युद्ध पेटले, तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांना हाती धरून शांत केले. मध्यस्थाचा धर्म हाच की, त्याने मध्ये उभे राहावे. १९५५ चे जग गोव्याच्या राजबंदिनींसाठी मध्ये उभे राहिले नाही. आज अफगाणिस्तानात २०२१ पासून मोठ्या मुलींना शाळेची दारे बंद आहेत, आणि जगाच्या राजधान्यांतून पुन्हा पत्रके निघतात. ती वाचताना आपण एवढे अवश्य पाहावे, की त्यांत त्या मुलींची बाजू घेतलेली आहे, की केवळ राज्याराज्यांचे हिशेब आहेत.

आपल्या देवळांच्या सभामंडपांत देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात. गोव्याच्या राजबंदिनींची नावेही आपल्या मुलींना अशीच तोंडपाठ असावीत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.