मिठाच्या वाटेवरची गावे

सुट्टीत भारतात जायचे, आठवडाभर नातेवाइकांकडे जेवणावळी झोडायच्या आणि मग मुलांना घेऊन हिमालयात चार-सहा दिवस पायी हिंडायचे, यात आता आपल्या मंडळींना नवल राहिलेले नाही. प्रवासी कंपन्यांची चकचकीत माहितीपत्रके घरोघर दिसतात. 'डोंगरातल्या आदिवासी गावांतून सांस्कृतिक पदभ्रमण' असा मथळा असतो. खाली कोरीव चौकटीच्या दारात बसलेल्या सुरकुतल्या आजीबाईंचे छायाचित्र असते. रोज किती चालायचे आणि रात्री गरम सूप मिळेल की नाही, याची माहिती अगदी बिनचूक असते. आजीबाई त्या दारात एकट्या का बसल्या आहेत, हे मात्र कुठे लिहिलेले नसते.

ते थोडे सांगावे म्हणून हा लेख. हिमालय अफाट आहे, तेव्हा आम्ही एकच खोरे घेतो: उत्तराखंडातल्या पिथौरागढ जिल्ह्यातले जोहार. गोरीगंगा नदीचे हे खोरे नंदादेवीच्या पूर्वेला आहे. पंचचूलीच्या पाच शिखरांसमोर वसलेल्या मुनस्यारी गावापर्यंत मोटार जाते. तिथून नदीच्या काठाने लिलम, बोगड्यार, रिलकोट, मार्तोली, बुर्फू, बिल्जू अशी गावे आणि मुक्काम घेत घेत चार-पाच दिवसांत मिलमला पोचतात. मिलम सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पुढे हिमनदी, आणि खिंडी चढून पलीकडे गेले की तिबेट. माहितीपत्रकात याला 'मिलम ग्लेशियर ट्रेक' म्हणतात. वाट मात्र ट्रेकवाल्यांनी पाडलेली नाही. ती मिठाची आणि लोकरीची वाट आहे.

इथल्या लोकांना सरकारदरबारी भोटिया म्हणतात. ते स्वतःला शौका म्हणवतात. त्यांची आडनावे ऐकली की आपल्याला एकदम घरच्यासारखे वाटते. मार्तोलीचे ते मार्तोलिया, तोलाचे तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, लास्पाचे लस्पाल, रिलकोटचे रिलकोटिया. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात, तसाच हा प्रकार. आणि आपल्यातल्या कित्येक 'करां'नी जसे आपले गाव कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते, तसेच आज कित्येक मार्तोलियांचे झाले आहे. ते कसे झाले, हाच या खोऱ्याचा इतिहास.

जोहारात वर्षातले पाच-सहा महिने बर्फ. शेती उन्हाळ्यापुरती, तीही फाफर, जव आणि बटाटा एवढीच. म्हणून प्रत्येक कुटुंबाची दोन घरे, काहींची तीन. उन्हाळ्यात वर मिलम-मार्तोलीत, मधल्या दिवसांत मुनस्यारीच्या आसपास, थंडीत खाली तेजम-थलकडच्या गरम दऱ्यांत. सगळे गाव, गुरेढोरे, देव आणि म्हातारी माणसे बरोबर घेऊन दर वर्षी वर-खाली होत असे. आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना 'तुमचे खरे घर कोणते' असे विचारतात, तेव्हा आपण चाचरतो. शौका मंडळींना हा प्रश्नच पडत नसे. दोन्ही खरी.

पुरुष उन्हाळ्यात तिबेटात व्यापाराला जात. धान्य, गूळ, कापड घेऊन जायचे. मीठ, लोकर आणि टाकणखार घेऊन यायचे. ओझे वाहायला शेळ्यामेंढ्या. एकेका जनावराच्या पाठीवर दोन बाजूंना लोंबणारी जोडथैली, तिच्यात दहा-बारा किलो माल. शेळी कसले ओझे वाहणार, असे आपल्याला वाटते. पण हिशेब पक्का होता. घोड्याला चारा बरोबर न्यावा लागतो, मेंढी चरत चरत चालते. कड्यावरच्या हातभर वाटेने ती बिनधोक जाते. शिवाय तिच्या अंगावरची लोकर हा वेगळाच नफा. जड मालासाठी याक आणि गाय यांच्या संकरातून झालेला झब्बू असे. मिलमच्या पुढे उंटाधुरा, जयंती आणि कुंगरीबिंगरी अशा तीन खिंडी, तिन्ही पाच हजार मीटरहून उंच, आणि मध्ये ना गवत ना सरपण. त्यामुळे तिन्ही शक्यतो एकाच दिवसात ओलांडायच्या. पलीकडे ग्यानिमाच्या माळावर उन्हाळ्यापुरता तंबूंचा बाजार भरे.

या व्यापारातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'मित्र'. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटात एक ठरलेला मित्र असे आणि व्यवहार त्याच्याशीच. मैत्री जोडताना एक दगड फोडून दोन तुकडे करीत, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे. पुढे मुलगा किंवा नोकर माल घेऊन गेला तर त्याने आपला तुकडा दाखवायचा. दोन्ही तुकडे जुळले की ओळख पटली. हे नाते बापाकडून मुलाकडे जाई, वाटण्यांत त्याचाही हिस्सा धरला जाई. भाषा वेगळी, धर्म वेगळा, राज्य वेगळे, आणि कागदपत्रांच्या जागी अर्धा दगड! आज बँकेत दोन ओळखपत्रे आणि विजेचे बिल दाखवताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा 'आदिवासी गाव' म्हटल्यावर जगापासून तुटलेली वस्ती डोळ्यांपुढे येते, ती इथे जुळत नाही. मिलम हे कुमाऊंतल्या सर्वांत मोठ्या गावांपैकी एक होते. आपल्याकडचे लोक पंचक्रोशीबाहेर पडत नव्हते, त्या काळात या गावचे लोक वर्षाआड नव्हे, दर वर्षी परदेशी जाऊन येत होते.

इंग्रजांनी १८१५ मध्ये कुमाऊं गुरख्यांकडून घेतले, आणि त्यानंतर या वाटांना नवी नावे पडू लागली. पिंडारी हिमनदीकडून जोहारात उतरणारी एक अवघड खिंड आहे. १८३० मध्ये कुमाऊंचा कमिशनर ट्रेल ती ओलांडून गेला, म्हणून नकाशात तिचे नाव 'ट्रेल्स पास'. त्याला वाट दाखवणारा होता सुपी गावचा मलकसिंग. त्याचे नाव नकाशात नाही. हिमालयात असे बरेच आहे. नकाशा वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

पण एका जोहारीचे नाव मात्र पुसता आले नाही, आणि ते ज्या शहरात गाजले ते आपले लंडनच. पंडित नैनसिंग रावत हा १८३० मध्ये जन्मलेला मिलमचा माणूस. गावात शाळामास्तर होता, म्हणून पंडित. तिबेटात युरोपियनांना मज्जाव होता आणि इंग्रजांना तिथला नकाशा हवा होता. जोहारी व्यापारी तिकडे नेहमी जाणारे, भाषा जाणणारे. सर्व्हे खात्याच्या कॅप्टन मॉन्टगोमेरीने १८६३ मध्ये नैनसिंग आणि त्याचा भाऊबंद मानीसिंग यांना डेहराडूनला शिकवायला घेतले. पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, चढ असो वा उतार. दोन हजार पावलांचा एक मैल. १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, दर शंभर पावलांना एक मणी पुढे. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून उंची काढायची. कधी बशहरी, कधी लडाखी व्यापारी म्हणवून घेत नैनसिंग १८६५ मध्ये काठमांडूहून निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. त्या शहराचे नकाशावरचे स्थान या पावलांनी ठरले. १८७४-७५ मध्ये तो लेहहून निघून ल्हासावरून आसामात उतरला. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. त्याचाच भाऊबंद किशनसिंग, तोही मिलमचा, पुढे असाच तिबेटभर चार वर्षे फिरून आला. केन्सिंग्टनमधल्या त्या सोसायटीच्या इमारतीवरून आपण कितीदा जातो! भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये नैनसिंगाचे तिकीट काढले.

पायी चालण्याची दुसरी, कडू बाजूही याच कुमाऊंतली. साहेब दौऱ्यावर निघाला, शिकारीला निघाला किंवा नुसता हवा खायला निघाला, तरी त्याचे सामान वाटेवरच्या गावकऱ्यांनी वाहायचे असा दंडक होता. गावाच्या पाटलाकडे वह्या असत आणि त्यांत पाळीने नावे. याला 'कुली-बेगार' म्हणत. आपल्याकडची वेठबिगार तीच. साहेबाला दूध, लाकूड, धान्य पुरवायचे तेही गावानेच. पेरणीचे दिवस आहेत, घरात आजारी माणूस आहे, ही कारणे चालत नसत. बागेश्वरला सरयूच्या काठी मकरसंक्रांतीची मोठी जत्रा भरते. जोहारी तिथे लोकर आणि घोंगड्या विकायला उतरत. १९२१ च्या जत्रेत बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आदींच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी वेठ न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या सरयूत फेकून दिल्या. आपण तिळगूळ वाटतो त्या दिवशी! आज जो पोटर पैसे ठरवून आपली पिशवी पाठीवर घेतो, त्याच्या पणजोबाला नकार देण्याची मुभा नव्हती. घासाघीस करण्यापूर्वी एवढे माहीत असावे, असे आमचे मत आहे.

आता व्यापाराकडे परत. १८८४ मध्ये काठगोदामपर्यंत आगगाडी आली आणि समुद्राचे स्वस्त मीठ डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडले. तिबेटी मिठाची मागणी हळूहळू आटली, पण लोकरीवर खोरे तगून राहिले. भारत स्वतंत्र झाला, तिबेटात चीनचे सैन्य आले, तरी वाट चालूच होती. १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारासाठी खुल्या सहा खिंडींची यादी आहे, तिच्यात कुंगरीबिंगरीचे नाव स्पष्ट आहे. करार आठ वर्षांचा होता. १९६२ च्या जूनमध्ये तो संपला, नवा झाला नाही, आणि त्याच साली ऑक्टोबरात युद्ध झाले.

थंडीपूर्वी दाराला कुलूप लावून खाली उतरलेल्या मंडळींचा धंदाच वर राहून गेला. तिकडची उधारी तिकडेच राहिली. मित्राकडचा अर्धा दगड तिकडे आणि इकडचा इकडे. मेंढ्या विकाव्या लागल्या, कारण न्यायला माल नव्हता. व्यापार नाही तर मिलमला जाऊन करायचे काय? एक उन्हाळा चुकला, दुसरा चुकला. कोरीव दारे ढासळली, माती-दगडांची छपरे बसली. १९६७ मध्ये सरकारने भोटियांना अनुसूचित जमातींत घेतले. मुले शिकली, सरकारी नोकऱ्यांत गेली, मोठमोठ्या हुद्द्यांवर पोचली. पिथौरागढ, हल्द्वानी, लखनौ, दिल्ली येथे घरे झाली. या समाजाने रडत बसणे पत्करले नाही, हे खरे. पण वरची गावे गेली. लिपुलेखची वाट १९९२ मध्ये व्यापाराला पुन्हा उघडली, ती शेजारच्या खोऱ्यांसाठी. जोहारची उघडली नाही.

आज उन्हाळ्यात काही कुटुंबे अजून वर जातात. बटाटा, राजमा आणि औषधी वनस्पती लावतात. मिलमला सीमा पोलिसांचे ठाणे आहे. मुनस्यारीहून मिलमकडे मोटाररस्त्याचे कामही हाती घेतलेले आहे. तो पुरा झाला की चालण्याची गरज उरणार नाही, आणि गावकऱ्यांना त्याचे दुःख असण्याचे कारण नाही. पाठीवर पोते आणि आजारी माणूस वाहून नेणाऱ्याला निसर्गसौंदर्याच्या गोष्टी आपण सांगू नयेत.

मार्तोलीत नंदादेवीचे देऊळ आहे. नंदा ही या डोंगराची लेक, कैलासाला दिलेली. भाद्रपदात, आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमारास, नंदाष्टमीला तिची पूजा होते. माहेरवाशिणीचे हे कौतुक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुनस्यारीत डॉ. शेरसिंग पांगती यांनी उभारलेले छोटे संग्रहालय आहे; थैल्या, मापे, 'दन' म्हणजे गालिचे, 'थुलमा' म्हणजे जाड लोकरी पांघरुणे तिथे पाहायला मिळतात. ते आधी पाहावे आणि मग चालायला लागावे, उलटे करू नये. मुनस्यारीलगतच्या सरमोली गावातल्या बायकांनी २००४ पासून घरात पाहुणे ठेवण्याचा व्यवसाय चालवला आहे. पैसा थेट घरात जातो, आणि गावाचे सामाईक रान सांभाळण्याची जबाबदारीही त्याच उचलतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने सरमोलीला देशातले उत्तम पर्यटनग्राम म्हणून गौरवले. जेवायला राजमा आणि 'जंबू' नावाच्या डोंगरी पातीची फोडणी दिलेले वरण मिळते. सूप मागू नये.

मिलमकडे जायला सीमाभागाचा परवाना लागतो. ज्यांनी पासपोर्ट बदलला आहे त्यांना परदेशी नागरिकाचे नियम लागू होतात, मग आडनाव काहीही असो. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. पावसाळ्यात दरडी कोसळतात. मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. ऑक्टोबरात गेलात तर वरून खाली उतरणारी शेवटची कुटुंबे वाटेत भेटतील. त्यांच्या मेंढ्यांना वाट द्यायची असेल तर डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या नव्हे.