रमाबाईंचा विश्वास

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. बरोबर अडीच वर्षांची लेक होती, मनोरमा. निघण्यापूर्वी, आपण ख्रिस्ती होणार नाही, असं त्यांनी इथल्या लोकांना सांगितलं होतं. त्यामुळे बातमी पुण्यात पोचली तेव्हा गहजब झाला. ज्या बाईंच्या मुखातून संस्कृत ऐकायला सभा भरत, त्या 'बाटल्या'. त्यांची बाजू घेणारे अगदी थोडे होते. जोतीराव फुले त्यांतले एक.

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. धर्म बदलला, वाद झाला, पुढे केडगावला आश्रम निघाला. पण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण ज्या मंडळींनी त्यांना ख्रिस्ती करून घेतलं, त्यांच्याशीच रमाबाईंचं भांडण जुंपलं. मुद्दा एकच होता: विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय?

आधी त्या तिथवर कशा पोचल्या ते पाहू. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने मुलीला. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना पाठ होते. घरदार सोडून तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर हिंडलं. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. शास्त्रात सांगितलेली व्रतं, दानं, उपास सगळं करून झालं होतं; उपासमार मात्र टळली नाही. पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तिथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या ग्रंथांचं आपसात कशावरच एकमत नाही. एकमत आहे ते बायका आणि शूद्र यांना हीन लेखण्यावर. मग भाऊ गेला. लग्न केलं ते बिपिन बिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी, नोंदणी पद्धतीने. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी.

इंग्लंडला त्या गेल्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने. कानाच्या दुखण्याने तो मार्ग बंद झाला. लंडनमधल्या फुलहॅमला जोगिणींच्या आश्रमात त्यांनी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना मायेने सांभाळताना पाहिलं. समाजाने ओवाळून टाकलेल्या बाईला पुन्हा माणूस म्हणून उभं करणारा धर्म असू शकतो, हे त्यांना नवीन होतं. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, तो प्रसंग त्यांच्या मनात रुतला.

म्हणजे सुरुवात एका कृतीने झाली होती. सिद्धांत नंतर आले, आणि तिथेच गाडं अडलं.

त्यांची धर्ममाता होती सिस्टर जेराल्डिन. रमाबाई तिला 'आजीबाई' म्हणत. दोघींची एकमेकींवर माया होती, आणि पत्रांतून कडाक्याचे वादही होते. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटेना. येशूचं देवत्व, कुमारीच्या पोटचा जन्म, सगळ्यावर त्यांचे प्रश्न. जेराल्डिनला हा अहंकार वाटला. नवख्या बाईने वडीलधाऱ्यांचं, चर्चचं ऐकावं, समजलं नाही तरी मानावं. रमाबाईंचं उत्तर, माझ्या शब्दांत, असं: एका पुरोहितवर्गाचं जोखड मी एवढ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. देवाचा शब्द मानीन; पण तो कोणता हे माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवील.

भांडण छोट्या छोट्या गोष्टींतही उतरलं. रमाबाईंनी मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवत होत्या. पुरुषांनाही शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, कारण ते हिंदी बाईला शोभणार नाही म्हणे. भर सभेत पंडितांसमोर बोललेल्या बाईला हे सांगितलं जात होतं. त्यांना संताप आला आणि तो त्यांनी लपवला नाही.

आता प्रश्न असा: अशा बाईला 'विश्वासी' म्हणायचं की नाही? पुण्याच्या लेखी त्या नको तितक्या ख्रिस्ती होत्या, वॉन्टेजच्या लेखी पुरेशा नव्हत्या. दोन्हीकडची मंडळी विश्वास म्हणजे आज्ञापालन असंच धरून चालली होती, मालक तेवढा वेगळा. रमाबाईंना तो शोध वाटत होता. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्मा घेतल्यावरही आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. १८९१ च्या सुमारास तो सापडल्याचा अनुभव त्यांनी नोंदवला आहे. ही कबुली देणं सोपं नव्हतं. ज्या धर्मासाठी आप्त, मित्र, नाव सगळं गमावलं, त्यात आठ वर्षं आपण दारातच उभ्या होतो, हे जाहीर सांगायचं होतं.

पण त्यांनाही अडचणीचा एक प्रश्न विचारायलाच हवा. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे धर्मप्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे स्नेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी कुणाला बोलावत नाही आणि हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. तरीही जिच्या छपराखाली आपण राहतो, जिने आपल्याला जगवलं, तिच्या प्रार्थनेला बसणारी बारा वर्षांची मुलगी कितपत मोकळी असते? दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली पुढे केडगावच्या मुक्तिसदनात आल्या, तेव्हा हा प्रश्न आणखी मोठा झाला. वॉन्टेजमध्ये स्वतःसाठी जे स्वातंत्र्य रमाबाईंनी मागितलं, ते केडगावच्या प्रत्येक मुलीला तेवढंच मिळालं असेल, असं मला खात्रीने म्हणता येत नाही. मात्र त्या मुली त्यांनी रस्त्यावरून उचलून आणल्या, तेव्हा त्यांच्या धर्माची काळजी करणारे बहुतेक लोक आपापल्या घरात होते, हेही तितकंच खरं.

शेवटची वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करायचं, तेही अडाणी बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. ज्यांच्या संस्कृतासाठी सभा भरत, त्यांनी जाणूनबुजून संस्कृत बाजूला ठेवलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथलं काम बायकाच करत.

क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांशी भांडणारी बाई शेवटी इथे येऊन पोचली. कुणी सांगतं म्हणून मानायचं नाही, हे तिने आधी स्वतःसाठी मिळवलं. मग ज्यांना आजवर सगळं दुसऱ्यांनीच वाचून दाखवलं, त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्या बायकांनी त्यात काय वाचलं, काय मानलं आणि काय मनातल्या मनात नाकारलं, ते ज्यांचं त्यांच्यापाशी.