पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

मराठ्यांच्या घोडदळाविषयी बोलताना दौडीचा वेग, गनिमी कावा आणि भीमथडीची काटक तट्टे यांचा उल्लेख हटकून होतो. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. फौज मुलूखगिरीवर, घरापासून शेकडो कोसांवर असताना घोडा लंगडू लागला, तर त्याच्याकडे पाहणार कोण? #धागा

उत्तराचा आरंभ सभासद बखरीत सापडतो. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना सभासद लिहितो की, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाच हवालदारांचा एक जुमला. म्हणजे सव्वाशे घोड्यांच्या जुमल्याबरोबर पाच नालबंद चालत.

तुलनेसाठी अकबराचा तबेला पाहावा. आईन-इ-अकबरीत तेथील नोकरांची लांबलचक यादी आहे. तीत नालबंद आहे, घोड्यांचा वैद्य म्हणजे ‘बैतार’ही आहे, इतकेच काय, दृष्ट लागू नये म्हणून धूप जाळणारा स्वतंत्र इसमही आहे! पंचवीस बारगिरांच्या मराठी तुकडीला हा थाट परवडणारा नव्हता. तिच्या वाट्याला नालबंद आला, आणि ही निवड फार शहाणपणाची होती.

कारण घोड्याच्या पायात आहे. गुडघ्याखाली त्या पायात मांस जवळजवळ नसतेच. हाड, शिरांसारखे ताणलेले स्नायुबंध आणि कातडी एवढाच ऐवज. शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर पडतो. लंगडण्याचे मूळ पुष्कळदा वर खांद्यात नसून खाली खुरात असते: नालेत अडकलेला खडा, तळव्यात घुसलेला काटा, चुकीच्या जागी ठोकलेला खिळा.

अशा दुखण्यात जाणत्या नालबंदाची रीत ठरलेली असते. दोन्ही खुरांवर तळहात ठेवून कोणता गरम आहे ते पाहायचे. लहान हातोडीने एकेका खिळ्यावर हलके टोले द्यायचे. ज्या टोल्याला जनावर पाय ओढून घेईल, तो खिळा गुन्हेगार. तो उपसून, खूर थोडे कोरून आतला पू वाहू द्यायचा आणि ऊन पोटीस बांधायचे. पू बाहेर पडला की आदल्या दिवशी पाऊल न टेकणारा घोडा बऱ्याचदा लवकरच चालू लागतो. यासाठी ग्रंथ लागत नाही, हात लागतो.

ग्रंथ नव्हते असे मात्र नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा फार जुनी आहे. घोड्यांच्या देशी वैद्याला उत्तरेत ‘सलोत्री’ म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केले. हे तेच ग्रंथालय, जे सरफोजीराजे भोसले यांनी वैभवाला नेले. पण संस्कृत पोथी आणि नदीकाठी लंगडणारे तट्टू यांच्यातले अंतर मोठे होते.

स्नायुबंध ताणला गेला तर नालबंदाचाही इलाज थिटा पडे. वाहत्या थंड पाण्यात पाय बुडवून उभे करणे, लेप, पट्टी, फार झाले तर तापल्या लोखंडाने डागणे. डागण्याचा हा उपाय अरबस्तानापासून युरोपपर्यंत सर्वत्र रूढ होता. डागल्याने जनावर बरे होई की त्यामुळे सक्तीने मिळालेल्या विश्रांतीने, ही शंका रास्त आहे. अशा दुखापतीला खरे औषध म्हणजे काही महिन्यांची स्वस्थता.

आणि ती देण्याची सोय राज्याच्या वार्षिक क्रमातच होती. दसऱ्याला फौज बाहेर पडे, पावसाळ्यात छावणीला परते. छावणीत दाणा, रतीब, घोड्यांची औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार ठेवाव्यात, असा शिरस्ता सभासद नोंदवतो. शाकारण्याला अर्थ होता: चिखलात सतत उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर मऊ पडून कुजते. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले प्रसिद्ध पत्रही येथे आठवते. वैरण आताच उधळाल तर ऐन पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या ताकिदीसाठी हे पत्र सर्वांना ठाऊक आहे. त्यातली वैरणीची चिंता मात्र वाचताना निसटते. उपाशी जनावराचा पाय भरून येत नाही.

बारगिराचा घोडा सरकारी होता. शिलेदाराचे तसे नव्हते. घोडा त्याचा स्वतःचा, तेच त्याचे भांडवल आणि तीच त्याची प्रतिष्ठा. एका काट्याची वेळीच दखल न घेतल्याने त्याच्या घरची चाकरी धोक्यात येऊ शकत होती.

हाड मोडले तर मात्र सारे उपाय संपत. माणसासारखा घोडा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही. मोडका पाय उचलून तो तिघांवर उभा राहतो. मग त्या चांगल्या पायांचे खूरही आतून सुजून सुटू लागते. आजही अनेकदा पशुवैद्यांना याच कारणाने हार मानावी लागते.

पशुवैद्यकाचे पहिले आधुनिक विद्यालय फ्रान्समधील ल्यों शहरात १७६२ साली, पानिपतानंतरच्या वर्षी, सुरू झाले. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १८८६ मध्ये. तोवर पेशवाई बुडून अडुसष्ट वर्षे लोटली होती.

नालबंद मात्र टिकला. महाराष्ट्रात ते आज आडनाव आहे, आणि आठवडी बाजारात बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना पत्र्या ठोकणारा कारागीर याच नावाने ओळखला जातो.