फिन लोक : राजकीय इतिहास

उत्तर युरोपातील फिनलंडचे बहुसंख्य रहिवासी. सहाशेहून अधिक वर्षे ते स्वीडनच्या राजांचे प्रजाजन होते. १८०९ मध्ये रशियाने हा मुलूख जिंकला. पण झार पहिला अलेक्झांडर याने पोर्व्हो येथील सभेत जुने कायदे आणि ल्यूथरपंथ अबाधित राखण्याचा शब्द दिला. फिनलंड स्वायत्त महासंस्थान बनले. १८६० मध्ये मार्का हे त्याचे स्वतःचे चलन सुरू झाले. पुढचे फिन राजकारण बव्हंशी झाराच्या त्या शब्दावरच उभे राहिले.

झार दुसरा निकोलस याने फेब्रुवारी १८९९ मध्ये जाहीरनामा काढून ही स्वायत्तता मोडीत काढायला घेतली, तेव्हा फिनांनी हत्यार उपसले नाही, अर्ज लिहिला. कार्यकर्ते ऐन हिवाळ्यात, स्कीवरूनसुद्धा, खेडोपाडी फिरले. दोन आठवड्यांच्या आत पाच लाखांहून जास्त सह्या जमल्या, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखांहूनही कमीच होती. पाचशे जणांचे शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले. झाराने भेटही दिली नाही. हेलसिंकीच्या सिनेट चौकात स्वायत्तता मानणारा पूर्वीचा झार दुसरा अलेक्झांडर याचा पुतळा आहे; त्याच्या चौथऱ्यावरील कायद्याच्या मूर्तीपाशी लोकांनी फुलांचे ढीग रचले. जुन्या झाराला फुले वाहून नव्याचा निषेध करण्याची ही तऱ्हा मोठी खोचक होती.

सगळेच मात्र इतके सबुरीचे नव्हते. १९०४ मध्ये ऑयगेन शाउमनने रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर गोळ्या झाडल्या. १९०५ च्या सार्वत्रिक संपापुढे झार नमला. १९०६ मध्ये २०० जागांची एकसभागृही संसद आली. स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचाही हक्क मिळाला. १९०७ मध्ये १९ स्त्रिया निवडून आल्या. जगातील कोणत्याही राष्ट्रीय संसदेतल्या या पहिल्या स्त्री-सदस्य. त्यांत बारा वर्षांची असताना कारखान्यात कामाला लागलेली, पुढे मोलकरीण झालेली मीना सिलान्पॅ होती.

६ डिसेंबर १९१७ ला स्वातंत्र्य जाहीर झाले आणि दोन महिन्यांच्या आत ‘लाल’ (समाजवादी) व ‘पांढरे’ (सरकारपक्षीय) यांच्यात यादवी पेटली. सुमारे ३६ हजार माणसे मेली. त्यांतली हजारो लाल कैद्यांच्या छावण्यांत, उपासमारीने आणि रोगराईने. विजेत्या पांढऱ्यांनी एका जर्मन राजपुत्राला राजा निवडले, पण जर्मनीच हरल्याने तो आलाच नाही. १९१९ च्या राज्यघटनेने प्रजासत्ताक कायम केले. त्याच वर्षी हरलेल्या लालांच्या बाजूच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने संसदेत ८० जागा जिंकल्या. १९२६ मध्ये त्याचे सरकार आले आणि सिलान्पॅ देशाची पहिली स्त्री-मंत्री झाली. यादवीतले वैर इतक्या लवकर मतपेटीकडे वळले, हे फिन राजकारणाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

१९३९ ते १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी दोन युद्धे झाली. कारेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. स्वातंत्र्य मात्र टिकले. १९४८ च्या मैत्री कराराने मॉस्कोची मर्जी राखणे भाग पडले. त्या काळात ऊर्हो केक्कोनेन पंचवीस वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले. १९७३ मध्ये तर संसदेने खास कायदा करून, निवडणूक न घेताच त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. कायद्याचा इतका अभिमान बाळगणाऱ्या देशाला ते शोभणारे नव्हते.

१९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला. रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर लोकमत झपाट्याने पालटले, आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोचा ३१ वा सदस्य झाला.